एक जात, अनेक नावे : पॅपिलिओ पॉलिटीज या फुलपाखराच्या ओळखीचा इतिहास

पावसाळ्याच्या दिवसांत कढीलिंबाच्या किंवा लिंबोणीच्या झाडाभोवती एक काळे फुलपाखरू घिरट्या घालताना महाराष्ट्रात बहुतेक सर्वत्र दिसते. त्याच्या मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एकच आडवी रांग असते आणि पंखांना लहानशी शेपटी असते. प्राणिशास्त्रात त्यास पॅपिलिओ पॉलिटीज म्हणतात. इंग्रजीत त्याचे रूढ नाव कॉमन मॉर्मन. भारत व श्रीलंका येथपासून ब्रह्मदेश, दक्षिण चीन, तैवान, जपानची दक्षिणेकडील बेटे आणि आग्नेय आशियाचा द्वीपसमूह एवढा याचा विस्तार आहे. हे मूळचे उष्ण प्रदेशातील रानांचे. परंतु मनुष्याने रानातील लिंबूवर्गीय झाडे आपल्या परसात आणली आणि त्यांच्या मागोमाग तेही परसात आले.

या फुलपाखराचा नर सर्वत्र बहुतांशी एकाच वेषात आढळतो. मादी मात्र भारतात तीन निरनिराळ्या रूपांत आढळते, आणि त्यांपैकी दोन रूपे नराशी इतकी विसंगत आहेत की शतकाहून अधिक काळ ती स्वतंत्र जाती म्हणून ग्रंथांत नोंदलेली होती. ही रूपे एका जातीची कशी ठरली, आणि त्या ओघात त्यांच्या नावांचे काय झाले, हा केवळ प्राणिशास्त्राच्या कक्षेतील विषय नाही. बाह्य रूप आणि कूळ यांचा संबंध कितपत विश्वसनीय मानावा हा प्रश्न भाषेच्या इतिहासकारासही पदोपदी पडतो. म्हणून हा इतिहास त्या दृष्टीनेही पाहण्यासारखा आहे.

प्रथम तीन रूपांची ओळख करून घेतली पाहिजे. पहिल्या रूपाची मादी नरासारखीच दिसते; तिला साइरस म्हणतात. दुसरी स्टिकिअस. हिच्या मागील पंखांच्या मध्यभागी पांढरा मोठा डाग असून कडेला तांबड्या चंद्रकोरी असतात. तिसरी रोम्युलस, हिच्या पुढील पंखांवर पांढरे पट्टे आणि मागील पंखांवर किरमिजी ठिपक्यांच्या रांगा असतात. पहिली आणि तिसरी समोरासमोर ठेवल्यास त्या सख्ख्या बहिणी असू शकतील असे कोणाही पाहणाऱ्याच्या मनात येणार नाही. आणि तरीही एकाच मादीने घातलेल्या अंड्यांतून या दोन्ही निपजू शकतात.

जीवनक्रमात मात्र तिघींत काहीच भेद नाही. मादी कोवळ्या पानांवर एकेक सुटे, गोल, फिकट पिवळसर अंडे घालते. झाड लिंबाच्या कुळातलेच असावे लागते : लिंबू, कढीलिंब, बेल, रानात माकडलिंबू. अंड्यातून निघालेली अळी आरंभी पांढऱ्या-काळपट रंगाची, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर ती कात टाकून हिरवी होते आणि पानांत मिसळून जाते. तिला डिवचले असता डोक्यामागून एक दुभागलेला तांबूस अवयव बाहेर येतो व उग्र वास सुटतो. पुढे ती फांदीस रेशमी धाग्याचा करगोटा बांधून कोशात जाते. कोश आसपासच्या रंगाप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी असतो. येथवर कोणती अळी नर होणार, कोणती साइरस आणि कोणती रोम्युलस, हे डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही. भेद प्रकट होतो तो पंख उलगडल्यावर. ज्यांनी या फुलपाखरास प्रथम नावे दिली त्यांच्यापुढे केवळ उलगडलेले पंख होते, ही गोष्ट पुढील सर्व गोंधळाच्या मुळाशी आहे.

स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनीयस याच्या सिस्टेमा नातुरे या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ याच आवृत्तीपासून मानला जातो. त्या काळी ज्ञात असलेली सर्व फुलपाखरे लिनीयसने पॅपिलिओ या एकाच प्रजातीत घातली आणि त्यांचे गट पाडले. मोठ्या व भव्य फुलपाखरांस त्याने सरदार किंवा घोडेस्वार म्हटले आणि त्या सरदारांचे ट्रॉयपक्षीय व ग्रीकपक्षीय असे दोन भाग केले. ज्यांच्या छातीवर रक्तवर्णी डाग आहेत व जी बहुधा काळी आहेत ती ट्रॉयपक्षीय. ज्यांच्या छातीवर रक्त नाही ती ग्रीक. पराभूत पक्ष शोकाच्या काळ्या वस्त्रात व जखमी, असा यात संकेत दिसतो. शेकडो फुलपाखरांस नावे द्यावयाची असता होमरच्या महाकाव्याएवढा नावांचा साठा दुसरीकडे सापडणे कठीण होते. लिनीयसची ही योजना विनोदी वाटली तरी ती केवळ विनोदाची नव्हती. वर्णनात्मक नाव चुकीचे ठरू शकते. वीराचे नाव काहीच वर्णन करीत नाही, म्हणून ते चुकतही नाही.

या ग्रंथात ट्रॉयचा राजा प्रायम याच्या पुत्रांची नावे अनेक फुलपाखरांस मिळाली. त्यांत हेक्टर आहे, पॅमॉन आहे आणि पॉलिटीज आहे. पॅमॉन म्हणून लिनीयसने ज्याचे वर्णन केले तो आजच्या कॉमन मॉर्मनचा नर होय, आणि पॉलिटीज म्हणून ज्याचे वर्णन केले ती त्याच जातीची पांढऱ्या-तांबड्या खुणांची मादी. अशा रीतीने महाकाव्यातील दोन भाऊ निसर्गात नर व मादी होऊन बसले, आणि नाव देणाऱ्यास त्याची वार्ताही नव्हती. योगायोग येथेच थांबत नाही. इलियडच्या चोविसाव्या सर्गात, हेक्टर पडल्यानंतर, वृद्ध प्रायम आपल्या उरलेल्या पुत्रांवर संतापतो. चांगले ते गेले आणि खोटारडे तेवढे मागे राहिले, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. ज्यांची नावे घेऊन तो हे बोलतो त्यांत पॅमॉन व पॉलिटीज दोघेही आहेत. पॉलिटीजच्या एका मादीने हेक्टरचे सोंग घेतलेले असते हे कळण्यास अजून शंभर वर्षे अवकाश होता.

लिनीयसनंतर नावांची भर पडतच गेली. ॲमस्टरडॅमचा व्यापारी पीटर क्रॅमर याने परदेशी फुलपाखरांचा रंगीत चित्रांसह मोठा ग्रंथ १७७५ पासून प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्यात किरमिजी ठिपक्यांच्या मादीस रोम्युलस हे नाव मिळाले. लिनीयसचा शिष्य फॅब्रिशिअस याने नरासारख्या मादीस साइरस म्हटले. स्टिकिअस हे नाव जर्मन चित्रकार व कीटकशास्त्रज्ञ ह्यूबनर याचे. ट्रॉयची नावे आता रोमच्या संस्थापकापर्यंत आणि इराणच्या सम्राटापर्यंत येऊन पोहोचली होती, आणि परसातल्या एका फुलपाखराच्या नावे जणू चार-पाच राज्ये स्थापन झाली होती.

या विद्वानांस दोष देणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. त्यांच्यापैकी एकानेही हे फुलपाखरू कढीलिंबावर उडताना पाहिले नव्हते. जहाजातून आलेल्या पेट्यांत टाचण्या टोचलेले वाळके नमुने त्यांच्या हाती येत. पुष्कळदा त्यांच्यासोबत ‘आशिया’ किंवा ‘इंडिया’ यापलीकडे स्थळाची नोंदही नसे. अळी नाही, झाड नाही, समागम नाही, ऋतू नाही. अशा स्थितीत दोन पंखांचे रंग भिन्न असतील तर त्या दोन जाती, हाच निष्कर्ष सावधपणाचा होता. शब्दकोश पुढ्यात घेऊन, त्या शब्दांचे वाक्यांतील रूप कधीच न ऐकता, कोणी मराठीचे व्याकरण लिहावयास बसला तर ‘जा’ आणि ‘गेला’ ही दोन क्रियापदे आहेत असेच तो लिहील, आणि उपलब्ध पुराव्यापुरते त्याचे चूक म्हणता येणार नाही.

हा पुरावा बदलला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, जेव्हा नावे देणारे लोक स्वतः रानात जाऊ लागले. हेन्री वॉल्टर बेट्स याने ॲमेझॉनच्या खोऱ्यात १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षे काढली. तेथे त्यास दिसून आले की काही फुलपाखरे संथ उडतात, भडक रंगांची असतात, आणि तरीही पक्षी त्यांस खात नाहीत. आणि त्यांच्याच थव्यांत अगदी वेगळ्या कुळातली फुलपाखरे तोच रंग, तेच उड्डाण धारण करून वावरतात. बेट्सने १८६२ साली याचे स्पष्टीकरण मांडले : पहिली बेचव किंवा विषारी असल्यामुळे सुरक्षित आहेत, आणि दुसरी त्यांच्या रूपाचा आश्रय घेतात. डार्विनचा ग्रंथ निघून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. नैसर्गिक निवडीच्या सिद्धान्तास याहून सुंदर उदाहरण मिळणे कठीण होते.

बेट्सचा मित्र व ॲमेझॉनवरील आरंभीच्या काळातील सहकारी आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५४ ते १८६२ या काळात मलाय द्वीपसमूहात होता. त्याने लंडनच्या लिनीयन सोसायटीपुढे १८६४ मध्ये वाचलेला व १८६५ मध्ये छापून आलेला निबंध पॅपिलिओ कुळातील फुलपाखरांवर आहे. त्यात पॅमॉन, पॉलिटीज व रोम्युलस यांचा प्रश्न त्याने हाती घेतला. ही सर्व एकच असावीत अशी शंका त्याच्या आधीही काहींच्या मनात आली होती. परंतु ती तशी का आहेत याचे उत्तर वॉलेसने दिले. त्याचा युक्तिवाद साधा आहे. रोम्युलस या ‘जाती’चा नर कोणासच कधी मिळालेला नाही. रोम्युलस जिच्यासारखी दिसते ती हेक्टर ही जात त्याच प्रदेशात राहते; स्टिकिअसचेही तसेच, तिच्या आदर्शाचे नाव अरिस्टोलोकिए. तेव्हा या ‘जाती’ म्हणजे पॅमॉनच्याच माद्या होत, आणि त्यांनी दुसऱ्यांचे रूप घेतलेले आहे. माद्यांनीच का घ्यावे, यासही त्याच्यापाशी उत्तर होते. अंड्यांनी जड झालेली मादी सावकाश उडते, झाडाझाडावर थांबते, पानापानावर रेंगाळते. संरक्षणाची गरज तिला अधिक.

ही विलक्षण गोष्ट वाचकांस समजावी म्हणून वॉलेसने एक दृष्टान्त दिला. गोऱ्या वर्णाच्या एका पुरुषास दोन भिन्न वंशांच्या दोन बायका आहेत. त्यांस होणारे सर्व मुलगे बापासारखे आणि मुली मात्र सर्वस्वी आईसारख्या, असे घडले तर काय वाटेल? आणि पुढे तो म्हणतो की फुलपाखरांची गोष्ट याहूनही अद्भुत आहे, कारण येथे आईस स्वतःसारख्या मुलींबरोबर सवतीसारख्याही मुली होऊ शकतात. या दृष्टान्ताची भाषा त्या काळच्या वंशविषयक कल्पनांनी भरलेली आहे आणि आज ती वाचवत नाही. तथापि तिच्यातील एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे : मादीच्या रूपांचे वैचित्र्य समजावून सांगण्यासाठी वॉलेसला एका पुरुषाच्या अनेक बायका कल्पाव्या लागल्या. याच कल्पनेतून पुढे या फुलपाखराचे इंग्रजी नाव निघालेले दिसते.

वॉलेसच्या युक्तिवादाचे महत्त्व भाषाशास्त्राच्या अभ्यासकास विशेष जाणवावे. इंग्रजीतील ‘बॅड’ आणि फारसीतील ‘बद’ यांचा उच्चार जवळजवळ एक, अर्थही एक. आणि तरी या दोन शब्दांचे परस्परांशी काडीचेही नाते नाही. उलट मराठी ‘चाक’ आणि इंग्रजी ‘व्हील’ यांत कानाला एकही ध्वनी समान लागत नाही, पण दोन्ही एकाच आदिभाषेतील एकाच शब्दाचे वंशज आहेत. हेक्टर आणि रोम्युलस यांचे साम्य ‘बॅड’ आणि ‘बद’ यांचे आहे; रोम्युलस आणि तिचा काळा नर यांचे नाते ‘चाक’ आणि ‘व्हील’ यांचे. फरक एवढाच की शब्दांमधील असे साम्य निव्वळ योगायोगाचे असते. फुलपाखरांमधील साम्यास कारण आहे, आणि ते कारण पक्ष्याच्या डोळ्यांत आहे.

या आदर्श जातींविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. हेक्टर आणि अरिस्टोलोकिए या दोन्ही जाती आज पॅक्लिओप्टा या निराळ्या प्रजातीत गणल्या जातात. त्यांच्या अळ्या सापसंद या वेलीवर व तिच्या कुळातील इतर वेलींवर वाढतात. या वेलींत विषारी आम्ल असते. अळी ते पचवून शरीरात साठविते आणि ते फुलपाखरातही उतरते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेस सहसा जात नाही. म्हणून ही फुलपाखरे निर्धास्तपणे, खालून, संथ उडत जातात. आणि स्टिकिअस व रोम्युलस यांची चालही त्यांच्यासारखीच दिसते. हेक्टर मुख्यतः भारत व श्रीलंका येथे राहते, आणि रोम्युलस रूपही याच प्रदेशात दिसते. अरिस्टोलोकिएचा विस्तार आग्नेय आशियापर्यंत आहे, त्याप्रमाणे तिची नक्कल करणारी मादीही तिकडे आढळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानच्या दक्षिणेकडील रिऊक्यू बेटांपैकी काहींवर अरिस्टोलोकिए नव्याने येऊन स्थिर झाली, तेव्हा तेथील पॉलिटीजमध्ये नक्कल करणाऱ्या माद्यांचे प्रमाण वाढू लागल्याचे अभ्यासकांस दिसून आले. वॉलेसने नकाशावरून केलेले अनुमान अशा रीतीने डोळ्यांदेखत घडताना पाहावयास मिळाले.

मग सर्वच माद्या नक्कल का करीत नाहीत? सोंग पाहणाऱ्यांपेक्षा सोंग घेणारे वाढले की सोंगाची किंमत उतरते. आदर्शापेक्षा नक्कल अधिक झाली तर पक्ष्यास चवदार घास वरचेवर मिळू लागतात आणि त्याची भीती मोडते. नरासारखी दिसणारी साइरस टिकून राहिली आहे ती बहुधा यामुळे.

नक्कल कितीही हुबेहूब असली तरी ती एका ठिकाणी अपुरी पडते. हेक्टर व अरिस्टोलोकिए यांचे डोके आणि शरीर लाल असते. रोम्युलस आणि स्टिकिअस यांचे शरीर काळे. रानात काम करणारे आजही याच खुणेने त्यांस वेगळे ओळखतात. लिनीयसने ट्रॉयपक्षीयांची खूण म्हणून सांगितलेला छातीवरचा रक्तवर्ण नेमका तेवढाच पॉलिटीजच्या अंगी नाही. खूण ग्रंथात १७५८ पासून होती, फक्त ती या कामासाठी कोणी वापरली नव्हती.

आता इंग्रजी नावाकडे वळावे. मॉर्मन हा अमेरिकेतील एक ख्रिस्ती पंथ. जोसेफ स्मिथ याने १८३० साली त्याची स्थापना केली. पंथातील बहुपत्नीकत्वाची चाल १८५२ साली जाहीर करण्यात आली व १८९० मध्ये पंथप्रमुखांनी ती अधिकृतपणे थांबविली. मधल्या काळात इंग्रजी वृत्तपत्रांत ‘मॉर्मन’ म्हणजे अनेक बायकांचा दादला असा थट्टेचा अर्थ रूढ झाला होता. हिंदुस्थानातील इंग्रज फुलपाखरू-संग्राहकांनी एका नरासोबत तीन प्रकारच्या माद्या पाहिल्या आणि हे नाव दिले, असे सांगितले जाते. मॉर्मन पंथाने ती चाल सोडली. फुलपाखरास मात्र तिचे नाव चिकटून राहिले.

हे संग्राहक बहुधा सरकारी अधिकारी होते आणि त्यांतील काहींचे कार्य महाराष्ट्राच्या सीमेलगत झाले. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, ज्यास त्याचे वाचक ‘ईहा’ या आद्याक्षरांनी ओळखत, १८५१ साली सातारा येथे जन्मला आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी तो एक होता. मुलकी अधिकारी डेव्हिडसन, वनाधिकारी बेल आणि एटकेन या तिघांनी मिळून कारवारच्या बाजूच्या, तेव्हा मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या, उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांचा वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात १८९६ पासून प्रसिद्ध केला. त्यांचे वैशिष्ट्य हे की त्यांनी वाळक्या पंखांवर भिस्त ठेवली नाही. अळ्या आणून पाळल्या, त्या कोणते पान खातात हे पाहिले, कोश टांगून ठेवले. बेलने पुढे १९०९ पासून सपाटीवरील सामान्य फुलपाखरांवर दीर्घ लेखमाला लिहिली. या कामात झाडे दाखविणारी, पाने आणणारी, अळ्या हुडकणारी स्थानिक माणसे असलीच पाहिजेत. त्यांची नावे लेखांच्या मथळ्यांवर नाहीत.

अळ्या पाळण्याच्या याच पद्धतीतून पुढचा टप्पा उभा राहिला. श्रीलंकेत जे. सी. एफ. फ्रायर याने पॉलिटीजच्या पिढ्यान्‌पिढ्या वंशावळीसह वाढविल्या व १९१३ साली आपले निष्कर्ष मांडले. मेंडेलचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले होते; फ्रायरने ते या माद्यांस लावून पाहिले. त्यास असे आढळले की दोन घटक मानले असता सर्व हिशेब जुळतो : एकामुळे मादीस नक्कल करणारे रूप येते, दुसऱ्यामुळे त्या रूपाचे रोम्युलस होते, आणि पहिला नसेल तर दुसऱ्याचा काही प्रभाव दिसत नाही. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की हे घटक नरातही असतात. नर दिसतो एकच, परंतु रोम्युलसचे बीज तो आपल्या मुलींस देऊ शकतो. वॉलेसच्या दृष्टान्तातील बापाचा येथे पाडाव होतो; तो केवळ स्वतःचे रूप देणारा उरत नाही, दोन्ही सवतींची रूपे त्याच्याही पोटात असतात.

केंब्रिजचा पनेट फ्रायरच्या कामाशी परिचित होता व स्वतःही श्रीलंकेत जाऊन आला होता. त्याने १९१५ च्या आपल्या ग्रंथात याच फुलपाखराचा आधार घेऊन डार्विनवाद्यांस आव्हान दिले. नैसर्गिक निवड लहान लहान पायऱ्यांनी काम करते असे तुम्ही म्हणता. मग साइरस व रोम्युलस यांच्यामधल्या पायऱ्या कोठे आहेत? एका घटकाने सगळे रूप बदलत असेल तर नक्कल एका झेपेत निर्माण झाली असली पाहिजे. हा आक्षेप हलका नव्हता. रोनाल्ड फिशर याने १९२७ मध्ये त्यास उत्तर दिले : आज एकच घटक कळ दाबावी तसे रूप पालटतो, हे खरे, पण म्हणून ते रूप एका क्षणात घडले असे सिद्ध होत नाही. कळ एक असली तरी तिने चालणारे यंत्र हळूहळू सुधारत आलेले असू शकते. हा वाद वाचताना ध्वनिपरिवर्तन हळूहळू होते की एकदम, या भाषाशास्त्रातील जुन्या वादाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तेथेही दोन्ही पक्ष आपापल्या पुराव्यापुरते बरोबर होते.

क्लार्क व शेपर्ड यांनी १९७२ मध्ये फ्रायरच्या दोन घटकांऐवजी एकाच स्थानावरील निरनिराळ्या पर्यायांची मांडणी केली. त्यानंतरची कित्येक वर्षे अशी समजूत होती की त्या एका स्थानी पुष्कळ जनुके शेजारी-शेजारी घट्ट जखडलेली असावीत. एक रंग देते, एक आकार, एक शेपटी. २०१४ साली नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही समजूत मोडली. कृष्णमेघ कुंटे, मार्कस क्रॉनफोर्स्ट व त्यांचे सहकारी यांस असे दिसले की हे सर्व काम डबलसेक्स या एकाच जनुकाचे आहे. कीटकांत नर व मादी यांच्या शरीरातील भेद घडविणारे हे जनुक. म्हणजे जे जनुक मादीस मादी करते तेच तिला हेक्टरचे किंवा अरिस्टोलोकिएचे रूप देते; आणि नक्कल फक्त माद्यांतच का, या वॉलेसच्या जुन्या प्रश्नाचा शरीरातला धागा येथे हाती लागला. या जनुकाच्या दोन पर्यायांत एक नव्हे, पुष्कळ बदल साचलेले आहेत. गुणसूत्राचा तेवढा तुकडा उलट दिशेने बसलेला असल्यामुळे दोन पर्यायांची सरमिसळ होत नाही आणि बदलांचा संच पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहतो. कळ एकच, यंत्र मात्र अनेक पायऱ्यांनी घडलेले. पनेट आणि फिशर या दोघांसही आपापला वाटा मिळाला. कुंटे यांचे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ या त्यांच्या पुस्तकाने ते अनेक घरांत पोहोचले आहे.

सर्व रूपे एका जातीची ठरल्यावर नाव कोणते ठेवावयाचे हा प्रश्न उरतो. पॅमॉन व पॉलिटीज ही दोन्ही नावे एकाच वर्षाच्या एकाच ग्रंथातील. तेव्हा अग्रक्रमाच्या वर्षाने निकाल लागणे शक्य नव्हते. टिकले ते पॉलिटीज. नराचे नाव गेले आणि दुसऱ्याचे सोंग घेतलेल्या मादीचे नाव सर्व जातीस मिळाले. भारतातील उपजातीचे नाव रोम्युलस. तेही सोंग घेतलेल्या मादीचेच. इंग्रजी नाव नराच्या घरातून मोजते, लॅटिन नाव मादीच्या. प्राणिशास्त्रातील नामकरण इतके तटस्थ असूनही असा विपर्यास त्यात राहून गेला, ही मौजेची गोष्ट आहे.

मराठीत या फुलपाखरास अलीकडे ‘बहुरूपी’ हे नाव रूढ होऊ पाहत आहे. ‘मॉर्मन’पेक्षा ते पुष्कळ चांगले, त्यात परक्या पंथाची थट्टा नाही आणि नक्कल हा मुद्दा आहे. परंतु एक उणीव नोंदली पाहिजे. गावोगाव फिरणारा बहुरूपी आज पोलीस होतो आणि उद्या साधू. एकाच देहाने अनेक सोंगे घेणे ही त्याची कला. पॉलिटीजची मादी कोशातून ज्या रूपाने बाहेर पडते त्याच रूपाने मरते. बहुरूपी आहे ती जात, व्यक्ती नव्हे. समूहास लागू असलेला शब्द व्यक्तीस लावण्याची ही चूक कोणत्याही भाषेत होते, आणि व्यवहारात ती खपूनही जाते.

याच कुळातील पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर या मोठ्या, निळ्या-काळ्या फुलपाखराबाबत मात्र नावाचा घोटाळा अधिक आहे. सह्याद्रीच्या दाट रानात ते विशेष शोभून दिसते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली त्यास राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य. त्याचे इंग्रजी नाव ब्ल्यू मॉर्मन. याची मादी नरापेक्षा काहीशी फिकी असली तरी नराच्याच घाटाची असते. तीन रूपे नाहीत, नक्कल नाही, सवती नाहीत. कॉमन मॉर्मनचा जवळचा नातेवाईक म्हणून त्यास आडनाव लागले, आणि आडनावाचे कारण त्याच्या घरात कधी घडलेच नव्हते. मराठीत त्यास नीलवंत व राणी पाकोळी अशी नावे मिळाली आहेत. ‘पाकोळी’ हा शब्द पाहिला तर तो कोठे फुलपाखरास लावतात, कोठे एका लहान पक्ष्यास. ‘फुलपाखरू’ या शब्दातही पाखरू आहेच. मराठीने पंखांवरून पक्षी व कीटक यांची सीमा कधी फार काटेकोर आखली नव्हती.

जातीजातींची वेगळी नावे जुन्या मराठीत फारशी नाहीत, याचे कारणही उघड आहे : फुलपाखराचा शेतकऱ्याशी संबंध आला तो पंखांच्या अवस्थेत नव्हे, अळीच्या. लिंबाची व मोसंबीची कोवळी पाने खाणारी म्हणून ती त्यास ठाऊक होती आणि तिचे नाव तो झाडावरूनच घेई, लिंबावरची अळी. या नावात नर, साइरस, स्टिकिअस आणि रोम्युलस ही सर्व आरंभापासून एकत्रच होती. मात्र त्याच झाडावर वाढणारी पॅपिलिओ डेमोलिअस या दुसऱ्या जातीची अळीही त्याच नावात मोडते.